न घेतलेलं बीपी

दाभोळच्या शाळेतल्या खेडेकर बाई नसत्या, तर मी नर्स झाले नसते. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. बाबा मच्छीमार बोटीवर खलाशी. बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म बाईंनी भरून घेतला, प्रवेशाला स्वतः सोबत आल्या. म्हणून आधी त्यांचं नाव.

रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मला तिसरं वर्ष होतं. सकाळचा राऊंड. मोठ्या डॉक्टरांनी नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा चार्ट पाहिला. सकाळी आठ वाजताचं बीपी एकशे वीस-ऐंशी. अक्षर माझं. मग त्यांनी स्वतः बीपी घेतलं. ऐंशी-पन्नास.

त्यांनी फाइल माझ्या पायाशी आपटली. कागद खाटेखाली गेले.

"मासे मारणाऱ्यांच्या पोरींना डिग्र्या दिल्या की हे असं होतं," ते म्हणाले. "जा, बंदरावर बस."

अख्खा वॉर्ड बघत होता. मी गुडघ्यांवर बसून कागद गोळा केले. "सॉरी सर," म्हटलं. दोनदा.

आकडा खोटाच होता. मी आजोबांपर्यंत पोचलेच नव्हते. बत्तीस पेशंट आणि मी एकटी. दुसरी नर्स सोडून गेली, तिच्या जागी कुणाला घेतलं नाही. इंजेक्शनं, सलाइनं, त्यात इन्चार्ज सिस्टरची हाक, "चार्ट भर गो, सर येतायत." मग आदल्या दिवसाचा आकडा बघून आजचा लिहायचा. सगळ्याच लिहायचो. सरांनाही ते ठाऊक होतं. लघवीला जायला वेळ मिळत नाही म्हणून मी ड्युटीवर पाणी पिणं सोडलं होतं. त्याच महिन्यात ड्युटी संपल्यावर हॉस्पिटलनं आम्हाला सक्तीनं बसवलं आणि एका पाहुण्यांनी ताणमुक्ती शिकवली. खोल श्वास घ्या, म्हणाले. मी बसल्या जागी झोपले.

आजोबा वाचले. आयसीयूतून परत वॉर्डात आले. मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते.

"त्या दिवशी तू माझ्याकडं आलीसच नाय गो," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरांपुढे मान खाली घातली ती नोकरीसाठी. आजोबांपुढे ती वर करताच येईना.

दुसऱ्या सकाळी पुन्हा चार्ट भरायची हाक आली. ज्यांचं बीपी घेतलं होतं त्यांचेच आकडे लिहिले. उरलेल्या अकरा चार्टांवर लिहिलं, "घेतलं नाही. पेशंट बत्तीस, नर्स एक." खाली सही.

"हे खोड," मोठे डॉक्टर म्हणाले.

"नाही सर."

"तुझी मूळ सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात आहेत. विसरलीस?"

"नाही सर."

त्या आठवड्यात बाईंना पाठवलेलं पत्र असं होतं.

"आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

मी खोटं बीपी लिहिलं. एकदा नाही, कितीतरी वेळा. त्यानं एक आजोबा मरता मरता वाचले. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिते.

कामात कुचराई केली अशी लेखी माफी हॉस्पिटलला हवी होती. मी खोट्या आकड्यांची कबुली दिली, आणि ते का लिहिले जातात तेही लिहिलं. ती त्यांनी घेतली नाही. तोच कागद मी नर्सिंग कौन्सिलला रजिस्टर पोस्टानं पाठवला आहे. शिक्षा झाली तर मलाही होईल.

माझी सर्टिफिकेटं हॉस्पिटलकडे अडकली आहेत, त्यामुळे दुसरीकडे जाता येत नाही. उद्या सातला ड्युटी आहे, जाणार आहे. ज्याच्या दंडाला माझा हात लागला नाही, त्याचा आकडा मी लिहिणार नाही."