फिदेन्सिओच्या दारातले झेंडू

मेल्चोराच्या तमाल्यांवर निम्मं गाव वाढलं होतं. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या डोंगरातल्या त्या गावात चर्चच्या पायऱ्यांशी सकाळीच तिचं पातेलं लागायचं. मक्याचं पीठ मक्याच्याच पानांत बांधून उकडलेल्या तमाल्यांचा वास चौकभर पसरायचा, आणि कुणी शिळे म्हणालाच तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. याच गावानं तिच्या नाबोरला जाळलं.

नाबोर बरीच वर्षं शहरात गवंडीकाम करत होता. दाढी वाढवून, भाड्याच्या पांढऱ्या गाडीतून तो आईला भेटायला आला आणि शाळेपाशी पाणी मागायला थांबला. त्या आठवड्यात साऱ्यांच्या मोबाइलवर एकच निरोप फिरत होता, पांढऱ्या गाडीतून पोरं पळवणारे आलेत. मोबाइलच्या दुकानवाल्या फिदेन्सिओनं नावसुद्धा विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला! लाइव्ह जाऊन तो ओरडत सुटला, "हाच तो. घंटा वाजवा."

घंटा अवेळी वाजली की हातचं टाकून धावायचं, कारण विचारायचं नाही, ही तिथली बापजाद्यांपासूनची रीत. आग लागते, पूर येतो, विचारत बसायला वेळ कुठला? त्या दिवशीही कुणी विचारलं नाही. पोलिसांनी नाबोरला चौकीत कोंडलं, तर लोकांनी दार फोडून त्याला बाहेर ओढलं. घंटा ऐकून मेल्चोराही धावली होती, पाण्याची बादली घेऊन. कुणाच्या तरी घराला आग लागली असेल, असं तिला वाटलं होतं.

काही जण तुरुंगात गेले. फिदेन्सिओनं मात्र "मी नुसतं दाखवलं" म्हणत हात झटकले. व्हिडिओ फिरतच राहिला, खाली 'पोरं पळवणारा' असं लिहिलेला. मेल्चोराला सगळं गाव पेटवावंसं वाटायचं. मग तिला त्याहून बरं सुचलं.

अपघातात, खुनात गेलेले जीव तिकडे अठ्ठावीस ऑक्टोबरला दुपारी घरी येतात. त्यांना वाट कळावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. ती वाट ज्या घरात शिरेल त्यानं मेलेल्याला जेवू घालायचं, आणि तो परत जाईपर्यंत वाट झाडायची नाही. मेल्चोरानं चौकीच्या दारापासून पाकळ्या टाकायला सुरुवात केली, स्वतःच्या घरावरून पुढे गेली आणि फिदेन्सिओच्या उंबऱ्यात टोपली रिकामी केली. केरसुणीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

फिदेन्सिओची बायको ओतिलिया पांढरीफटक पडली. पाहुण्यापुढे काहीतरी ठेवायला हवं म्हणून ती मुकाट मेल्चोराच्याच पातेल्याशी आली.

"हिरव्या मिरचीचे ने," मेल्चोरा म्हणाली. "त्याला तेच आवडतात. आणि पाणी भरपूर ठेव. तहानलेलाच गेलाय तो."

पुढल्या वर्षीही तेच. जिथं मेलेला जेवायला येतो तिथं मोबाइल कोण घ्यायला जाणार? गिऱ्हाईक आटलं. ओतिलिया पोरांना घेऊन माहेरी गेली. शेवटी एका सकाळी फिदेन्सिओ टोपी हातात धरून पायऱ्यांशी आला.

"मेल्चोराबाई, त्याला तुमच्या घरी बोलवा. मला झोप नाही."

"मला तरी कुठं आहे? मोबाइल काढ. तो कोण होता ते सांग सगळ्यांना."

त्यानं भर चौकात लाइव्ह जाऊन रडत रडत सांगितलं. हा नाबोर, मेल्चोराचा मुलगा, गवंडी. आईला भेटायला आला होता. मी खोटं बोललो. ऐकताना मेल्चोराच्या काळजाला थंडावा वाटला, आणि तो तिनं लपवलाही नाही.

ऑक्टोबर आला. अठ्ठावीस तारखेला ती पुन्हा चौकीपासून निघाली, तेव्हा फिदेन्सिओ दारात आडवा आला.

"आता कशाला? सांगितलं ना मी."

"किती जणांनी पाहिलं?"

"फार नाही. गावातल्याच काही जणांनी."

"आणि ते पहिलं, घंटा वाजवा म्हणालास ते?"

"ते अजून फिरतंय."

"ते जितक्यांनी पाहिलं तितक्यांना हे दाखव," शेवटची मूठ त्याच्या उंबऱ्यात सोडत ती म्हणाली. "तोवर माझं पोर तुझ्याकडेच जेवेल."