शिंदीबनाची मावशी

मावशी कोयत्याच्या मुठीनं खोडावर दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "घेते गं माय." मगच पाल्याला हात लावायची. परक्या घरात शिरताना आपण कडी वाजवतो ना, तसं. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी शिंदीचं दाट बन होतं आणि त्यातल्या एकाही झाडाला तिनं न विचारता कोयता लावलेला मी पाहिला नाही. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "मावशी, आणि ती नको म्हणाली तर?"

"म्हणती की. काटा मारती."

"मग?"

"मंग दुसरीकडं जाते. झाडं काय कमी हायती व्हय?"

ती केरसुण्या बांधायची. तिला नाव होतं, पण गावानं ते कधी वापरलं नाही, त्यामुळे मीही इथं वापरत नाही. लहानथोर सगळ्यांची ती मावशी. मी शिंपी. आमचं गाव निजामाच्या मुलखातलं, पैनगंगेच्या अलीकडचं, गोरेगावच्या वाटेवरचं, लहानसं, पण आठवड्याला बाजार भरायचा, आणि बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानाच्या पडवीत तिची बैठक असायची. भाडं वगैरे काही ठरलं नव्हतं. वर्षाला दिवाळीची एक केरसुणी माझ्या घरी यायची, एवढंच.

तुमच्या बाजारातही अशी एखादी बाई असेल, जिच्याकडे वस्तू घ्यायला जावं आणि बोलणी खाऊन यावं. गिऱ्हाईक आलं की मावशी केरसुणी त्याच्या हातात द्यायची आणि फर्मावायची, "झाडून पाहा." मग ते बिचारं माझी पडवी झाडायचं. दुसरं आलं की तेही झाडायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी कात्रणं झाडायचं मी त्यामुळे सोडूनच दिलं होतं. कुणी केरसुणीला पाय लावला तर मावशी ती परत हिसकावून घ्यायची. "लक्ष्मी हाय ती. तुझ्या घरी न्हाई येत, जा."

आणि तिची एक खोड तर सगळ्या बाजाराला पाठ होती. निघताना कुणी "जातो मावशी" म्हटलं, की ही मागून हाका मारून त्याला उभं करायची. "येतो म्हण रं! जातो कोण म्हणतं?" तो माणूस वैतागून "येतो, येतो" म्हणेपर्यंत सुटका नसायची. एकदा डोंगरकडा गावचा एक बैलवाला घाईत होता, तो न बोलता तसाच पुढं गेला, तर ही त्याच्या मागं धावत गेली. परत आली ती धापा टाकत, पण चेहऱ्यावर समाधान. "म्हणून घेतलं," म्हणाली.

शिंदीचं झाड तिला जितकं प्रिय, तितकाच त्याच्या रसावर तिचा राग होता. सरकारकडून ठेका घेतलेला गुत्तेदार झाडांना मडकी लावायचा, रस आंबवून त्याची शिंदी दुकानात विकायचा, आणि तिचा नवरा त्या दुकानात बसून बसूनच संपला. दुकानावरून जाताना ती तोंड फिरवून थुंकायची. मोठ्यानं, आतल्या लोकांना ऐकू जाईल असं. पण नवरा गेल्यावर एकुलत्या एका लेकीला तिनं वाढवलं ते त्याच झाडाच्या पाल्यावर. लेक पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात दिली होती. "एका हातानं नेलं, दुसऱ्या हातानं दिलं," असं ती झाडाबद्दल म्हणायची. राग कुणावर धरायचा आणि कुणावर नाही, हे तिच्या डोक्यात अगदी स्वच्छ होतं. आमच्या डोक्यात ते तितकं स्वच्छ नव्हतं, हे पुढं कळलं.

निजामाविरुद्धची चळवळ पेटली त्या वर्षीची ही गोष्ट. देश स्वतंत्र झाला होता आणि आम्ही तेवढे मागे राहिलो होतो. तिरंगे शिवायला माझ्याकडे यायचे. रजईच्या अस्तरात लपवून मी ते द्यायचो. शिंदीवर सरकारला मोठा महसूल मिळतो, तेव्हा शिंदीची झाडंच तोडायची, असं जिकडेतिकडे ठरत होतं. आमच्या गावातल्या पोरांनीही ठरवलं. त्यांचा पुढारी किराणा दुकानदाराचा थोरला मुलगा. आवाज खडा, मन निर्मळ, आणि जन्मात तराजूशिवाय दुसरं काही उचललेलं नाही. तो बाजारात माझ्या पडवीत आला आणि मावशीलाच म्हणाला, "मावशी, तू आमच्या पुढं चल. तुझ्याइतकी शिंदीवर कोण खवळून हाय?"

ती म्हणाली, "चलते की. मडकी फोडाया मी पुढं हाय. दुकान मोडा, मी येते. पण झाडं काहून तोडून राहिले?"

"झाड राहिलं तर मडकं परत लागंल."

"तवा परत फोडू. मडकं रोज बनतं रं लेकरा. लिंब तोडला तर बुडातून फुटतो, हिचं तसं न्हाई. हिचा जीव शेंड्यात. एकदा तोडली का संपली."

"मावशी, तू तर निजामाकडूनच बोलून राहिली!"

पोरं हसली. ते तिला लागलं होतं. त्या दिवशी तिनं कुणालाच पडवी झाडायला लावली नाही.

पोरांचं सगळंच चुकलं होतं, असं मी आज म्हणणार नाही. त्या दुकानानं किती चुली विझवल्या ते मी पाहिलं होतं. पण त्या बनात सुगरणींचे खोपे लोंबायचे, उन्हाळ्यात पिकलेल्या शिंदोळ्या खायला कोल्हे यायचे, मेंढरांचे कळप दुपारी सावलीला थांबायचे आणि ओढ्याची दरड त्या मुळांनी धरून ठेवली होती. यातलं काहीही निजामाचं नव्हतं. हे सांगणारी एकच बाई होती आणि तिला आम्ही हसण्यावारी नेलं.

दिवाळीला थोडे दिवस असताना एका सकाळी गाव उठलं, तेव्हा बन आडवं झालेलं होतं. मी ओढ्यावर गेलो. सुगरणीचे खोपे चिखलात पडले होते आणि पाखरं वर नुसती भिरभिरत होती. मावशी एका खोडावर बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "विचारलं बी न्हाई रं यांनी."

उन्हं वर आली तसा पोलिसांचा जमादार चार शिपाई घेऊन आला. गावातली सगळी जवान पोरं त्यानं पारापाशी उभी केली, आम्हा दुकानदारांनाही बोलावलं आणि म्हणाला, "हात दिखाओ. तळवे." माणूस हुशार होता. शेतकऱ्यांची पोरं घट्टेवाले हात पुढं करत गेली. किराणावाल्याचा पोरगा रांगेत शेवटी उभा होता. त्याच्या तळव्यांवर फुटलेले फोड होते, ते मला लांबूनही दिसत होते. त्याच्या बापाचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवसांत पकडलेल्या पोराचं पुढं काय व्हायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

जमादार त्याच्यापर्यंत पोचला आणि तेवढ्यात मावशी डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन ओढ्याकडून आली. भारा तिनं जमादाराच्या पुढ्यात आपटला.

"पोरायला काहून तकलीफ देऊन राहिले, साहेब? झाडं म्या तोडली."

"तू? काहून?"

"केरसुण्या बांधाया. दिवाळी आली न्हाई का?"

"पूरा बन? अकेली?"

"हात पाहायचे ना तुमाला? हे पाहा." तिनं दोन्ही तळवे त्याच्या तोंडापुढं धरले. साऱ्या जन्माचे काटे आणि कोयत्याचे वार होते त्यांवर, एक बोट वाकडंच झालेलं. "अन् हा तराजूवाला पोरगा हाय. गुळाच्या ढेपा उचलून फोड आले त्याला. कुऱ्हाड कशी धरतात ते तरी ठावं हाय का त्याला, पुसा!"

त्या पोरानं तोंड उघडलं. तो खरं बोलणार होता, याबद्दल मला आजही शंका नाही. पण ती गर्रकन वळली. "गप ऱ्हा रं! मोठी माणसं बोलून राहिली, दिसत न्हाई?"

तो गप्प राहिला. आम्ही सगळेच राहिलो. जमादाराला ते पटलं नव्हतं, पण सरकारचं नुकसान कुणाच्या तरी नावावर टाकायचंच होतं आणि इथं एक माणूस आपणहून कबुली देत होता. तो तिला घेऊन गेला.

काही दिवसांनी ती परत आली. चालताना एक पाय ओढत होती. मारलं का, हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायला माझी जीभ रेटली नाही. तिचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. "एवढं मोठं ठाणं, दादा, अन् झाडाया बोथरा खराटा! झाडलं का कचरा तिथंच!" मग जरा हसून म्हणाली, "निघताना साहेबाला 'जाते' म्हणले. तिथं परत येऊन करायचं काय?"

मी म्हटलं, "मावशी, तुझं बन त्या पोरानं तोडलं. तुला बोलला तोच. आणि त्याच्याचसाठी तू..."

"झाडं तर गेलीच ना," ती म्हणाली. "पोरगंबी घालवू काय?"

त्या दिवाळीला तिच्यापुढं केरसुण्यांचा डोंगर होता. पाला गाडीनं मोजावा इतका पडलेला. लोक म्हणाले, मावशीची चंगळ झाली. ती एकदाही ओरडली नाही. मागेल त्याला केरसुणी काढून देत होती, बस्स. उरलेला पाला वाळवून तिनं झोपडीत आढ्याला टांगला आणि वर्षभर जपून वापरला.

पुढच्या पावसाळ्यात ओढा दरड खाऊ लागला. काठच्या शेताचा एक तुकडा बांधासकट ओढ्यात गेला. मग पोलीस ॲक्शन झाली आणि आम्हीही स्वतंत्र झालो. पारावर मी शिवलेला झेंडा उघड्यावर चढला, घसा फोडून मी जयजयकार केला, हेही खरं. ज्यांनी झाडं तोडली त्यांना हार घातले. मावशी मागं बायकांत उभी होती आणि टाळ्या वाजवत होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही. किराणावाल्याचा पोरगा बोलायला उभा राहिला, तिच्याकडे पाहून अडखळला, आणि तो तसाच खाली बसला. मला त्या दिवशी त्याचा राग आला होता. आता येत नाही.

लगोलग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मावशी पडवीत येऊन बसली तेव्हा तिच्यापुढं मोजक्याच केरसुण्या होत्या. वर्षभराच्या वाळक्या पाल्याच्या, भिजवून भिजवून बांधलेल्या. त्या बघताबघता गेल्या. एक तिनं माझ्या घरची म्हणून बाजूला ठेवली होती, आणि एक पदराखाली. संध्याकाळी तो पोरगा आला. आईनं केरसुणी आणायला पाठवलं होतं. मावशीनं पदराखालची काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कसंबसं म्हणाला, "जातो मावशी."

"येतो म्हण रं," ती म्हणाली.

"येतो," तो म्हणाला.

मग तिनं मला सांगितलं की ती लेकीकडे निघाली आहे. पैनगंगेच्या त्या काठाला अजून शिंदी आहे म्हणे. इथं बसून काय बांधू, असं ती म्हणाली. मी थांब म्हणालो. आमच्या घरी राहा, काजं-बटणं कर, मी शिकवतो, असंही म्हणालो. ती माझ्याकडे बघून हसली. दुसऱ्या दिवशी तिचं गाठोडं मी ओढ्यापर्यंत पोचवलं. तिथं तिनं ते माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, "येते रं दादा."

पाऊलवाट पूर्वीच्या बनातून जात होती. चालता चालता सवयीनं तिनं कोयता उलटा धरला आणि मूठ टकटक करायला पुढं नेली. तिथं काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. मग ती खाली वाकली. गुडघाभर उंचीचं थोटूक होतं, त्याच्यावर तिनं दोनदा मूठ वाजवली. मी फार लांब नव्हतो. मला ऐकू आलं.

"जाते गं माय," ती म्हणाली.