लसीच्या अक्षता

सन २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि सुदामा नगरच्या मागच्या आमच्या गल्लीत माझ्या ओट्यावर बसायची कोणाची टाप नव्हती.

ओटा माझा आहे. फरशी मी स्वतः निवडून आणली, उतार मी स्वतः धरून करवून घेतला. त्यावर रिकामटेकड्यांनी संध्याकाळी बसून गुटखा खायचा आणि भिंत रंगवायची, हे मला मंजूर नव्हतं. म्हणून कडेने निवडुंगाच्या कुंड्या मांडल्या, चांगल्या लांब काट्यांच्या. गल्लीतला एक भिया, इकडे दादाला भिया म्हणतात, एकदा अंधारात बसला. पुन्हा नाही बसला.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. पुढे मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. पण लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक जन्मभर केला. या हिंदी मुलखात आचारी म्हणून माझं नाव आहे. मी मीठ चाखून बघत नाही, हाताला कळतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते या नावामुळे घडलं.

घरात आम्ही तिघं. मी, मुलगा आणि सूनबाई. मुलाची आई जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पीथमपूरला कारखान्यात, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. सूनबाईला सातवा महिना लागलेला. तिचे पाय इतके सुजले की तिच्या स्वतःच्या गुलाबी चपला तिला होईनात. ती माझ्या चपला घालून घरभर फिरायची आणि मी अनवाणी.

"बाबा, तुम्हाला हव्यात का?" ती विचारायची.

"नको. फरशी गार असते, बरं वाटतं," मी म्हणायचो. जून महिना होता. फरशी काय गार असणार!

गल्लीच्या टोकाला एक भाड्याची खोली होती. तिथे दर महिन्याला एका मंगळवारी सरकारी सिस्टर यायची. लेकरांना लस टोचायची, पोटुशा बायांचं वजन करायची, बीपी बघायची. सूनबाईचं बीपी वर जात होतं. सिस्टरने बजावलं होतं, एकही खेप चुकवायची नाही, हे वाढलं तर आईलाही धोका आणि बाळालाही. आणि नेमकी तेव्हाच घरमालकाने ती खोली टाइल्सवाल्याला देऊन टाकली.

आमच्या गल्लीत घरोघर फिरून बाळंतिणींची आणि लेकरांची खबर ठेवणारी एक बाई आहे. सगळे तिला आशाताई म्हणतात. ते तिच्या कामाचं नाव आहे. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्याला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे. ती येऊन म्हणाली, "काकाजी, आता लसीकरण रिंगरोडच्या पलीकडे. जागाच नाही इथे."

सूनबाई लगेच बोलली, "मग मी नाही येत. ऑटोत त्या खड्ड्यांतून कोण जाणार? बरी आहे मी."

बरी आहे मी, असं ज्या आवाजात ती बोलली, त्याच आवाजात तिची सासू बोलायची. तो आवाज मला ओळखता येतो. मी आशाताईला म्हटलं, "जागा नाही कशी? माझा ओटा आहे. आत खोली आहे, पडदा लावतो, माझी खाट देतो. आणा तुमच्या सिस्टरला."

आशाताई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग कुंड्यांकडे. "हओ," एवढंच म्हणाली.

पहिल्या मंगळवारी सिस्टर निळी पेटी खांद्याला लावून आली. ओटा मी धुतला होता. पडदा लावला होता. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. आली कोण? फक्त माझी सूनबाई, ती तर घरातलीच. आशाताईने दारोदार सांगितलं होतं. सगळ्या "हो हो" म्हणाल्या होत्या.

"काय झालं सगळ्यांना?" मी विचारलं.

"काकाजी, खरं सांगू? घाबरतात," आशाताई म्हणाली. "त्या समोरच्या भाभीचा पोरगा बॉल घ्यायला तुमच्या ओट्यावर चढला, तर तुम्ही बॉल ठेवून घेतला होता."

"मग? आहे अजून जपून ठेवलेला. मागायला तर यावं."

सिस्टर पेटी बंद करत म्हणाली, "दादाजी, आपका घर अच्छा है. पर एक पेशंट के लिए मैं यहाँ नहीं आ सकती. अगली बार भी ऐसा हुआ तो फिर रिंगरोड पार ही करना पड़ेगा." सूनबाईचं बीपी त्या दिवशीही वरच होतं. सिस्टरने गोळी लिहून दिली आणि जाता जाता ओट्यावर टेकायला गेली. कुंडी बघून उभीच राहिली.

आता मला कोणी सांगावं की तुमच्या दारात माणूस येत नाही! जन्मभर हजारो लोक माझ्या हातचं खाऊन गेले. मी ठरवलं, बोलावणं मीच करणार. आणि बोलावणं करायची आमच्यात रीत एकच. तांदळाला हळद-कुंकू लावायचं, घरोघर जायचं आणि अक्षता द्यायच्या. इकडची मंडळी त्यालाच पीले चावल म्हणतात. अक्षता मिळाल्या की कोणी नाही म्हणत नाही, बिल्कुल नाही.

पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी मी धोतर नेसलो, टोपी घातली, वाटीत अक्षता घेतल्या आणि निघालो. प्रत्येक दारात एकच वाक्य. "उद्या मंगळवारी दहा वाजता आमच्या ओट्यावर कार्यक्रम आहे. लेकरांना घेऊन यायचं. सगळ्यांनी यायचं." इंजेक्शनचं मी बोललो नाही. अक्षता हातात देऊन सुईचं नाव काढणं बरं दिसत नाही. शिवाय आशाताई सांगेलच, मी कशाला सांगू? समोरच्या भाभीला अक्षतांबरोबर बॉलही दिला. ती दोन्हीकडे बघतच राहिली.

मंगळवारी दहाच्या आत गल्ली भरली. बाया जरीच्या साड्या नेसून. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या खणाची घडी, एकीपाशी मोगऱ्याच्या वेण्या. पोरं नव्या कपड्यांत, तेल लावून भांग पाडलेली. म्हातारे पण आले. कोपऱ्यावरचे रिटायर्ड पोस्टमन साहेब तर रिकामा डबा घेऊन, कारण घरी त्यांची मंडळी गुडघ्याने आजारी.

मला कळेना. तेवढ्यात भाभी सूनबाईच्या गळ्यात पडली. "कितना अच्छा किया काकाजी ने! हम सोच ही रहे थे, इसकी गोदभराई कौन करेगा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात आठव्या महिन्याची सून. दारात अक्षता घेऊन आचारी सासरा. लोकांनी काय समजायचं? डोहाळजेवण! खरं म्हणजे ते सातव्यात व्हायला हवं होतं. पण सासू नाही, आणि माहेरी बेटम्याला सूनबाईची आई खाटेवर पडून. करायचं कोणी? राहून गेलं होतं.

तितक्यात सिस्टर निळी पेटी घेऊन गल्लीत शिरली. पोरांनी तिला ओळखलं. जे रडणं सुरू झालं ते पार अन्नपूर्णेच्या मंदिरापर्यंत ऐकू गेलं असेल.

"काकाजी, आप तो बोले थे कार्यक्रम है!" भाभी ओरडली.

"तो ये क्या है? कार्यक्रम ही तो है."

"खाना कहाँ है?"

आशाताई भिंतीला टेकून हसत होती, पदर तोंडात कोंबून. एक-दोघी पोरांना कडेवर घेऊन मागे फिरल्या. ते बघून माझ्या अंगाची आग झाली. माझ्या हातच्या अक्षता घेतलेला माणूस उपाशी परत जाणार? मी जिवंत असताना?

"कोणी हलायचं नाही!" मी ओरडलो. "पोहे होतील. पण आधी सुई, मग प्लेट. ज्याच्या दंडावर कापूस दिसणार नाही त्याला पोहे नाहीत."

"आम्ही म्हाताऱ्यांनी काय करायचं?" पोस्टमन साहेब डबा पुढे करून म्हणाले.

"तुम्ही पोरं धरा."

लग्नाची मोठी भट्टी मी ओट्याखाली काढली. पोस्टमन साहेबांना पोरं धरायचं काम दिलं, ते त्यांनी पार्सल धरल्यासारखं केलं. पोहे भिजवले, शेंगदाणे, बडीशेप, वरून शेव, जिरावन मसाला आणि लिंबू. वाफ गल्लीत पसरली आणि रडणं आपोआप कमी झालं.

सिस्टर मला म्हणाली, "दादाजी, एक बात बताऊँ? टीके के बाद आधा घंटा बच्चे को यहीं बिठाना होता है, कुछ हुआ तो मैं सामने रहूँ. हर जगह गला फाड़ती हूँ, कोई नहीं रुकता. आज देखो." मी बघितलं. सगळ्या बाया प्लेट घेऊन थांबलेल्या होत्या. फक्त बसायला जागा नव्हती. कुंड्यांच्या मधून मधून कशाबशा टेकलेल्या, साड्या सावरत. एकीचा पदर काट्यात अडकला, तिने माझ्याकडे बघून सोडवून घेतला.

आत पडद्यामागे डोहाळजेवण सुरू झालं होतं. नारळ आणलेले, खण आणलेले, ते परत कोण नेणार? बायांनी सूनबाईला माझ्या खाटेवर बसवलं, वेणी माळली, ओटी भरायला घेतली. सिस्टर मध्येच घुसली. "पहले मेरा नंबर." हिरव्या बांगड्या वर सरकवून तिने पट्टा बांधला. फुस्स फुस्स केलं. मग पुन्हा केलं. मग सगळ्यांना गप्प केलं आणि दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा केलं.

मी झारा हातात घेऊन पडद्याबाहेर उभा.

"सिर दुखता है?" सिस्टरने विचारलं.

"थोडंसं."

"आँखों के आगे कुछ चमकता है?"

सूनबाई म्हणाली, "कालपासून. पण बाबांनी एवढं बोलावणं केलंय, म्हटलं आज होऊ दे."

सिस्टर तिला रागावली नाही. बाहेर येऊन तिने फोन लावला, हळू आवाजात बोलली आणि मला म्हणाली, "अभी भेजना है, अस्पताल. डरना नहीं है, पर रुकना भी नहीं है."

सरकारी गाडी येईपर्यंत माझे पोहे करपले. आयुष्यात पहिल्यांदा. बायांनी मात्र ओटी पुरी केली, तिला गाडीत बसवताना नारळ मांडीवरच होता. पायात माझ्या चपला. आशाताई बरोबर गेली. मुलाला कारखान्यात फोन गेला, तो तिथून थेट हॉस्पिटलात.

मला कोणी नेलं नाही. मी ओट्यावर उभा. पण एक गोष्ट सांगतो, बाया घरी गेल्या नाहीत. भाभीने करपलेली कढई घासली. पोस्टमन साहेब डबा मांडीवर घेऊन दोन कुंड्यांच्या मध्ये बसून राहिले, काटे टोचत असतील तरी. संध्याकाळी मुलाचा फोन आला. औषध चाललंय, बीपी उतरतंय, बाळाचे ठोके बरोबर आहेत, बाळंतपण होईपर्यंत ठेवून घेणार आहेत. डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवस उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी होती.

मी गल्लीला ओरडून सांगितलं. पोस्टमन साहेब म्हणाले, "आता डबा भरा."

सिस्टरने जाताना भाभीपाशी निरोप ठेवला होता, की पुढच्या महिन्यापासून पेटी इथेच येईल. आणि दादाजींना सांगा, पोह्यांची सक्ती नाही. सक्ती नाही म्हणे! माझ्या ओट्यावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी कुंड्या एकेक करून गच्चीवर नेल्या. भाभीने विचारलं, तर म्हटलं, यांना खाली ऊन पुरत नाही. मग ओटा धुतला, मुगाची खिचडी केली, डबा बांधला. चपला माझ्या हॉस्पिटलात होत्या. दाराशी सूनबाईच्या गुलाबी चपला पडल्या होत्या. त्या पायात घातल्या, टाचा मागून बाहेर राहिल्या, आणि तसाच डबा घेऊन गल्लीतून हॉस्पिटलाकडे निघालो.