दूध गेटवर उतू गेलं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या काकीचे. घणसोली गावातल्या तिच्या एका खोलीत राहून मी कॉलेज केलं. काका मार्केटात माथाडी. घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. माझ्या परीक्षेच्या दिवसांत काकी शेजारणींना कुजबुजत भांडायला लावायची, आणि त्या ऐकायच्याही. पुढे दोघं सातारा जिल्ह्यातल्या गावी परतली.

नावड्याला फ्लॅट घेतला तेव्हाच ठरवलं, पहिलं दूध काकीच्याच हातून उतू घालायचं. तोवर घरात गॅस पेटवायचा नाही.

आमच्या सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र आहे. समोर उभं राहिलं की ते नाव घेऊन 'स्वागत आहे' म्हणतं आणि गेट उघडतं. सुरुवातीला मी उगाचच बाहेर जाऊन परत आत यायचो. तालुक्याच्या शाळेत हजेरी घेतानाही माझं नाव इतक्या आदरानं कुणी घेतलं नव्हतं.

गृहप्रवेशाच्या दिवशी काकी गावाहून नवी पितळी तपेली घेऊन आली; मी दूध घेऊन तिला घ्यायला गेटवर उभा होतो. गेटवर वॉचमननं टॅब पुढे केला.

"मावशी, आधार नंबर सांगा आणि इकडे बघा. टेन्शन नाय, एकच फोटो."

काकीनं पदर नाकापर्यंत ओढला. "फोटू कशापायी?"

"सिस्टीममध्ये राहतो."

"कुटं राहतो? आन् किती दिस?"

वॉचमन माझ्याकडे बघू लागला आणि मी खांबावरच्या कॅमेऱ्याकडे.

"काकी, दे गं. मुहूर्त टळतोय. मी पण दिलाय."

"तुझं तोंड, तू दिलंस. रेशनला नंबर दिला, त्यांनी तांदूळ तरी दिलं. ह्यो डबा काय देणार?"

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले. ते मूळचे नावडे गावातलेच. "काकू, नियम हाय. आमी पन तोंड दिलंय."

"तुमच्या घरी पावणा आला, की आदी फोटू काढता व्हय?"

चेअरमन हसले. "नाय वो, आदी पानी देतो."

"मग द्या की!"

पाणी आलं. फोटो कुठे राहतात हे विचारायला चेअरमननी यंत्राच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे रेकॉर्ड केलेली बाई पुन्हा पुन्हा दोन दाबायला सांगत होती. "दाबला गो बाय, दाबला!" चेअरमन तिच्यावर ओरडत होते. गेटच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली.

काकीनं वॉचमनच्या केबिनमध्ये डोकावलं. आत त्याची चहाची शेगडी होती.

"ही पेटती का?"

पेटली. मुहूर्ताला काकीनं तिथेच दूध उतू घातलं. टाळ्या वाजल्या. बघायला चेअरमन वाकले आणि यंत्रासमोर आले, तर यंत्र त्यांचं नाव घेऊन 'स्वागत आहे' म्हणालं आणि गेट उघडलं. मी हसून हसून भिंत धरली.

"काकी, उघडलंय, चल आत!"

"ते त्यांच्यासाठी उघडलंय. माझ्यासाठी उघडलं की येते."

सगळ्यांना दूध पाजून ती एसटीनं परत गेली. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र पाठवलं:

काकी,

पायावर डोकं ठेवलंय असं समज. सोसायटीची मीटिंग झाली. तुझा प्रश्न चेअरमननीच मांडला. पाहुण्यांना आता आधारही नको आणि फोटोही नको. कुणाकडे आलात ते सांगायचं, वॉचमन मला फोन करणार, मी खाली घ्यायला येणार.

फोटो कुठे राहतात ते कंपनीनं अजून सांगितलेलं नाही. म्हणून मी माझा फोटो यंत्रातून पुसायला लावला. पुसलाय म्हणतात. आता गेट मला ओळखत नाही. वॉचमन रोज मुद्दाम विचारतो, "साहेब, कुणाकडे?" मी म्हणतो, "माझ्याकडेच."

गॅस अजून पेटवलेला नाही, डबा मागवून खातोय. गेटवर उतू गेलं ते सोसायटीचं दूध. आपलं राहिलंय. तपेली घासून ओट्यावर ठेवलीय.

काकांना घेऊन ये. तू येशील तोच मुहूर्त. पण लवकर ये, डब्यातली भाजी फार तिखट असते.