शंकराच्या नावावरची बाग

तिवारीजी खिडकी बुजवत होते तेव्हा मी टेप घेऊन त्यांच्याच अंगणात उभी होते. गवंडी विटेवर वीट चढवत होता. उरलेल्या फटीतून तिवारीजींनी डोकं काढलं.

"अब नापिए, मैडम! अब हमको बगीचा कहाँ दिखता है?"

मी व्हॅल्युअर आहे. घराची, जमिनीची किंमत ठरवून देते. बँकेला कर्जासाठी, भावाभावांना वाटणीसाठी. चिडलेली माणसं मला नवीन नाहीत. पण स्वतःच्या हॉलमध्ये अंधार करून घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता.

ही कॉलनी बनारसच्या बाहेरच्या अंगाला आहे. मधोमध बाग. लॉन, जास्वंद, कण्हेर, दोन बेल आणि कोपऱ्यात शंकराचं छोटं देऊळ. सगळं रामधनी माळी एकटा सांभाळायचा. त्याच्या पगारासाठी प्रत्येक घर सारखी वर्गणी देत असे. मग मागच्या रांगेतले लोक म्हणाले, आम्हाला बाग दिसतच नाही, आम्ही सारखी का द्यायची? त्यांचं पाहून पुढच्यांनीही हात आखडला. रामधनीने सांगून टाकलं, महिनाअखेर पगाराचं ठरलं नाही तर गावी जातो. तो गेला की बागेचं वाळवंट होणार, हे सगळ्यांना कळत होतं.

कॉलनीचे सेक्रेटरी वझेकाका. बँकेतून रिटायर झालेले, राजा घाटावरचे आमचे जुने शेजारी. त्यांनी मला फोन केला.

"बेटा, तू असेसमेंट करून दे. ज्याला जितका फायदा, त्याचा तितका हिस्सा. मग कोणाला काय तकलीफ?"

मलाही ते फार शहाणपणाचं वाटलं. मी फॉर्म केला. घर बागेपासून किती लांब, बागेकडे खिडक्या किती, बाल्कनी आहे का. प्रत्येकाला पॉइंट. जास्त पॉइंट, जास्त वर्गणी. यादी बोर्डावर लावली आणि खाली सभ्यपणे लिहिलं, 'हरकती असल्यास आठ दिवसांत कळवाव्यात.'

ती ओळ लिहायला नको होती.

दुबेजींनी बाल्कनीला पत्रा ठोकला. श्रीवास्तवांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं, फुलांच्या परागांनी शिंका येतात, म्हणजे फायदा उणे, कॉलनीनेच आम्हाला पैसे द्यावेत. एक बाई म्हणाल्या, मी बागेत रोज फेऱ्या मारते खरी, पण नजर मोबाइलवर असते. आठव्या दिवशी मी बेरीज केली. कागदोपत्री बागेचा फायदा कॉलनीत कोणालाच नव्हता.

रामधनी पाइप धरून उभा होता. त्याने यादीकडे पाहिलं आणि विचारलं, "तो मैडम, हम पानी किसके लिए दे रहे हैं?"

मला लाज वाटली. त्याची नोकरी वाचवायला आले होते आणि सगळ्यांना सुटायची वाट मीच दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे परत मापं घ्यायला गेले. बागेत गर्दी! सगळ्यात पुढे तिवारीजी, हातात वेताची परडी, जास्वंदी खुडत होते. पत्र्याचे दुबेजी बेलाच्या झाडाखाली. श्रीवास्तवांच्या दोन्ही मुठींत कण्हेर, आणि शिंक एकही नाही.

मी फॉर्म काढला. "तिवारीजी, ये फ़ायदा नहीं है?"

ते दुखावलेच. "ये हमारे लिए थोड़े ही है! ये तो भोलेनाथ का है।"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळे रांगेने देवळात गेले.

माझं डोकं फिरलं. तिथेच ओट्यावर बसून मी नवीन यादी केली. मिळकत एकच: देऊळ. मालक: श्री शंकर. बागेपासून अंतर: शून्य. फायदा: संपूर्ण. बोर्डावर चिकटवली आणि घरी गेले. वझेकाका झापणार याची खात्री होती.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "लगेच ये. तिवारीजींनी शंकरजींच्या वतीने हरकत घेतलीय."

मीटिंग भरली होती. तिवारीजी संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, मुद्दा तयार होता. देवळाचं दार रस्त्याकडे आहे. "महादेव की तो पीठ है बगीचे की तरफ़। फिर पॉइंट कैसे?"

यावर तासभर चर्चा झाली. गंभीरपणे. शेवटी वझेकाकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "प्रोफ़ेसर साहब, पिंडी की पीठ किधर होती है?"

तिवारीजींनी बराच विचार केला. मग हरकत मागे घेतली.

शंकरजींची वर्गणी भरायला देवळापाशी पेटी ठेवली, वर 'बगीचा सेवा' लिहिलं. जे वर्गणीला दार उघडत नव्हते ते आता आंघोळ करून, हात जोडून पैसे टाकू लागले. रामधनीचा पगार पहिल्याच महिन्यात निघाला, वर दोन पोती शेणखतही आलं. तो गावी गेला नाही.

फायदा कोणाला होतो हे मोजणं माझं काम. कोणाच्या नावावर लिहिला तर माणूस खिसा सैल करतो, हे मात्र कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

परवा त्या बाजूला गेले होते. तिवारीजींकडे तोच गवंडी विटा काढत होता. खिडकीतून आता बाग दिसत होती, बागेपलीकडे कळस.

"दर्शन के लिए खुलवा रहे हैं," तिवारीजी म्हणाले. मग आवाज खाली आणून, "इसके पॉइंट तो नहीं लगेंगे?"

मी टेप पर्समध्ये ढकलली आणि म्हटलं, "शंकरजी से पूछकर बताती हूँ।"