तंबोऱ्याचे मळके दोरे

मी खाणीचा ट्रक चालवायचो. शाळेशी आपलं कधी जमलं नाही, आणि संगीताशी संबंध म्हणजे गाडीचा हॉर्न. असल्या माणसाच्या पोटी गळा असलेलं चेडू आलं. बायको म्हणते, गळा तिच्याकडून आला. मी वाद घालत नाही. तिचा आवाज अख्ख्या वाड्याला ऐकू जातो.

पोरीला डिचोलीच्या मास्तरांकडे घातली. दर रविवारी पेडण्याहून घेऊन जायचो. मास्तर तिच्या हातात तंबोरा द्यायचे आणि सा लावायला सांगायचे. वर्ष सरलं तरी सा. मी दारातल्या कदेलावर बसून, खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून पेंगायचो. घोरायला लागलो की मास्तर म्हणायचे, "तुझा सा उतरलाय."

एकदा विचारलंच, "मास्तर, पुढचं कधी?"

"तिचा कान उघडला की. तोवर चार लोकांत गायला बसवणार नाही."

मी मात्र गावभर सांगून बसलेलो, यंदा देवळातल्या भजनी सप्ताहात माझं चेडू गाणार. प्रत्यक्षात गाणार होते मास्तर, तिनं मागे बसून नुसता तंबोरा छेडायचा. शेजारी विचारायचे, "काय रे, चेडू गातला की तारा खाजयतला?"

पावसात खाण बंद, ट्रक मोकळा. सप्ताहाच्या दिवशी मास्तरांचा तंबोरा मीच ट्रकमधून देवळात आणला. केबिनमधली तांबडी धूळ त्याच्यावर बसली. म्हटलं, मास्तर खूश होतील, म्हणून देवळाच्या पायरीवर बसून पुसला. बघतो तर खाली घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, प्रत्येक तारेखाली मळका दोरा अडकलेला. कुणी साफच करत नाही वाटतं, म्हणत सगळे ओढून काढले आणि फेकून दिले. त्या दोऱ्यांनीच तंबोऱ्याला नाद येतो, हे मला कोण सांगणार?

मास्तरांनी तार छेडली. करवंटीवर टिचकी मारल्यासारखा आवाज. त्यांनी घोडी बघितली, मग मला बघितलं.

"दोरे खंय?"

"मळके होते मास्तर. काढले."

देवळात हशा. एक म्हातारा म्हणाला, "तारा ठेवल्यान, हे उपकार."

मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आपल्या उपरण्याचं सूत ओढलं आणि पोरीच्या हातात दिलं. "बाय, तू घाल."

"मी कधी घातले नाहीत, मास्तर."

"मग इतके दिवस काय ऐकत होतीस?"

ती कान लावून सूत सरकवत राहिली. जरा पुढे, केसभर मागे. मला काही फरक कळेना. मग एका जागी ती थांबली, आणि तार अशी गुणगुणली की माझ्या मठ्ठ कानातसुद्धा शिरली. शेवटची तार लागेपर्यंत देवळातलं हसणं बंद झालेलं.

मास्तरांनी तंबोरा तिच्याकडून घेतला आणि मागे सरकले. "तू पुढे बस. मी छेडतो."

तिनं काय गायलं ते मला विचारू नका. मी मास्तरांकडे बघत होतो. डोळे मिटून, आपल्याच शिष्येच्या मागे बसलेले, पोटभर जेवल्यासारखा चेहरा.

परत जाताना त्यांनी तंबोरा स्वतःच्या मांडीवर घेतला. मला म्हणाले, "तू स्टिअरिंग धर. दुसऱ्या कशाला हात लावू नको."