दुःख घालवणारं औषध आमच्या दुकानात नव्हतं

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली आणि माझ्याकडे न बघता यांना विचारलं, "आप तो खुद केमिस्ट हैं न?" हे हो म्हणाले. "फिर आपसे क्या छुपाना," असं म्हणत त्यांनी पेनाच्या टोकाने एक पांढुरकी जागा दाखवली. कार्सिनोमा, हेड ऑफ पॅनक्रियाज. म्हणजे स्वादुपिंडाच्या डोक्याशी कॅन्सर, आणि तो शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसलेला. त्यामुळे ऑपरेशन होणार नव्हतं.

यांनी फिल्म स्वतःच्या हातात घेतली, पुन्हा एकदा उजेडावर धरली आणि नीट, घडी न पाडता, पाकिटात घातली. मी नुसती त्या पाकिटाकडे बघत होते.

त्याआधीचे दोन महिने हे गॅस झाला म्हणून गोळ्या खात होते. या हिंदी मुलखातल्या शहरात, ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, तीस वर्षं आमचं मेडिकलचं दुकान होतं. दुसऱ्या कोणी पोट आणि पाठ दुखते म्हटलं असतं, तर यांनी त्याला दोन दिवसांत डॉक्टरकडे पिटाळलं असतं. स्वतःची मात्र दुकान कायमचं बंद करताना उरलेल्या अँटासिडवर भागवाभागवी चालली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. बायोप्सी झाली, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासला. कावीळ उतरावी म्हणून स्टेंट घातला, म्हणजे पित्ताची बंद झालेली वाट उघडी ठेवणारी बारीक नळी. केमोचे दोन डोस झाले. तिसऱ्याच्या आधी रक्त इतकं उतरलं की मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि आम्हाला तळमजल्यावरच्या पेन क्लिनिकमध्ये पाठवलं. तिथे पाटी होती, पॅलिएटिव्ह केअर. यांनी जिना उतरतानाच मला अर्थ सांगितला. आजार बरा करायचा नाही, माणसाला तो सुसह्य करायचा. मला त्यांचा राग आला. असले अर्थ जिन्यात सांगायचे असतात का?

पेन क्लिनिकची डॉक्टर आमच्या मुलीच्या, रश्मीच्या, वयाची होती. तिने यांना दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायला लावलं. हे पाच म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आठ म्हटलं. तिने आठ लिहिलं.

मग तिने मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. मॉर्फिन अफूपासून होतं, ते कुठल्याही दुकानात मिळत नाही, त्याला वेगळं लायसन्स लागतं. आम्ही ते कधी ठेवलं नव्हतं. "हर चार घंटे में एक," डॉक्टर म्हणाली. "दर्द हो तब भी, न हो तब भी. घड़ी देखकर." सोबत पोट साफ राहण्याचं औषध होतं, कारण या गोळीने बद्धकोष्ठ होतं. फॉर्मवर वरच्या बाजूला ठळक अक्षरात छापलं होतं, नारकोटिक.

नशेच्या औषधांचा तो शब्द मी आमच्या दुकानात शिकले होते. मी फार्मसी शिकलेली नाही, पण दुपारी काउंटरवर मीच बसायची. घरात आमची मराठी आणि काउंटरवर हिंदी, तिथली मी वेगळीच बाई असायची. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांसाठी यायचे लोक. एक शाळामास्तर होते, सभ्य माणूस, कंबर दुखते म्हणून एका गोळीवर सुरू झाले. दोन वर्षांनी ते काउंटरला धरून उभे राहायचे आणि हात थरथरायचे. यांनी मला ताकीद दिली होती की अशा माणसाशी बोलायचं नाही, कारण विचारायचं नाही, दया दाखवायची नाही. एकच वाक्य बोलायचं: "अभी नहीं मिलेगी." मी ते इतकं पाठ केलं की पुढे लोक मलाच जास्त घाबरायचे. मला त्याचा अभिमान होता.

रिक्षातून तात्यापाऱ्याला घरी येताना यांनी गोळ्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "कपाटात ठेव अन् किल्ली तुझ्याजवळ ठेव," हे म्हणाले. "मी मागितली तरी टाइमच्या आधी देऊ नको मले."

मी त्याच्याही पुढे गेले. रश्मीला पुण्याला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, आदत पड़ जाएगी. थोड़ा कम ही देना." तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत देते. मला तेवढा आधार पुरला. दिवसाच्या सहा गोळ्यांच्या मी तीन केल्या. कधी दोन. म्हटलं, आत्ताच सगळी ताकद वापरली तर पुढे खरं दुखेल तेव्हा काय देणार? लोणच्याची बरणी पुरवावी तशी मी गोळी पुरवत होते. यांना सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी फोनवर कमी करायला सांगितल्या. यांनी खरं मानलं. मी खोटं बोलेन असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी हे पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मी पोहे घेऊन आत गेले.

"काहून उठून बसले? पडा ना जरा."

"एक देऊन दे ना," हे म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. एका हाताने पलंगाची कड धरली होती आणि बोटं थरथरत होती.

मला ती थरथर तेवढी दिसली. आणि माझ्या तोंडून निघालं, "अभी नहीं मिलेगी."

हिंदीत. काउंटरवरच्या आवाजात. घरात, नवऱ्याला.

यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग "हव" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर त्यांनी एकदाही गोळी मागितली नाही. मी स्वतःला समजावलं की दुखणं कमी झालं असेल. जेवण सुटलं, ते आजारामुळे. बोलणं सुटलं, ते स्वभावामुळे. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की कारणांचा तुटवडा पडत नाही.

पहिल्या भेटीनंतर पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा क्लिनिकमध्ये गेलो. बाकावर आमच्यापुढे अकरा जण होते. हे व्हीलचेअरवर डोळे मिटून बसले होते. मी मात्र, लाज वाटते सांगायला, खुशीत होते. आत गेल्यावर मी पर्समधून उरलेल्या स्ट्रिप काढून टेबलावर मांडल्या. "देखिए मैडम, इतनी बचा ली."

डॉक्टर त्या स्ट्रिपांकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून यांच्याजवळ गेली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "अंकल, कितना?" हे म्हणाले, "नौ." मग जरा थांबून म्हणाले, "दस."

ती माझ्याकडे वळली. "आंटी, आपने गोली नहीं बचाई. दर्द बचा के रखा."

मग तिने मला समजावलं, आणि ज्यांच्या घरी ही वेळ येईल त्यांच्यासाठी तेच मी इथे लिहिते आहे. दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत हे औषध दिलं तर ते दुखण्याशी लढण्यात खर्च होतं. शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम थांबवायचं नाही, आणि मात्रा पुढे वाढवावी लागली तर डॉक्टर वाढवतात. पण दुखतंय म्हणून मागणं आणि नशेसाठी मागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखणं उसळल्यावर गोळी दिली तर ते आटोक्यात यायला वेळ लागतो, म्हणून घड्याळ. कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने करू नका. हे सगळं तिने पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. मीच ऐकलं नव्हतं. सोनारानेच कान टोचावे लागतात, आणि माझे तर दोनदा टोचावे लागले.

गोळी तिने तिथेच दिली. तासाभराने हे व्हीलचेअरवरच झोपले. त्यांच्या कपाळावरची आठी गेलेली मी पाहिली. मला वाटायचं ती आठी म्हातारपणाची आहे. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

त्यानंतर मोबाइलमध्ये सहा अलार्म लावले. पाच आठवडे बरे गेले. बरे म्हणजे काय, तर हे दोन घास दहीभात खायचे, खिडकीशी खुर्चीत बसायचे, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारायचे. वजन उतरतच होतं. पोटात पाणी भरत होतं, त्याला असायटिस म्हणतात, ते सुईने काढावं लागायचं. हे बरे होताहेत असं वाटून कोणी फसलं नव्हतं. पण हे पुन्हा बोलायला लागले होते.

एके दुपारी यांनी त्यांची डिक्शनरी मागितली. ती जाडजूड होती, रद्दीवाल्याकडून घेतलेली, तिचं कव्हर आमच्याकडे येण्याआधीच गेलेलं. दुकानात थर्मामीटरच्या खोक्याशेजारी असायची. हे इंग्रजी शिकले ते औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्या पुस्तकावर. गिऱ्हाईक नसलं की एखादा शब्द शोधायचे, रिकाम्या खोक्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचे आणि मला ऐकवायचे. मी तीस वर्षं हं हं करत भाजी निवडली.

त्या दिवशी मात्र ऐकलं.

"नारकोटिक म्हणजे काय, माहीत आहे तुले?" हे म्हणाले. "नार्के. ग्रीक आहे. नार्के म्हणजे बधिरपणा. तेच नाव त्याइनं एका मासोळीले दिलं होतं. हात लावला की हात मुका पडते."

मग पानं उलटत राहिले. बोटं बारीक झाली होती, पान धरवत नव्हतं, मी उलटून दिली. एका शब्दाखाली त्यांचीच जुनी पेन्सिलीची रेघ होती. "हा शब्द पाय ना. नेपेन्थी. अफूसारख्या औषधाले जुन्या इंग्रजीत हेही म्हणत. आता कोणी वापरत नाही. नुसत्या पुस्तकात राहिला." नेपेन्थी म्हणजे जुन्या ग्रीक गोष्टींतलं एक औषध. ते दारूत घालून पाहुण्याला द्यायचे. प्यायलं की डोळ्यांसमोर आईबाप गेले तरी त्या दिवशी डोळ्याला पाणी येत नसे. "पेन्थोस म्हणजे दुःख, शोक. अन् समोरचा 'ने' म्हणजे आपला 'न'च. ज्यात दुःख नाही ते. त्याइचा 'न' अन् आपला 'न' एकाच घरचे." हे ते सांगताना इतके खुश झाले की मला दुकानातली दुपार आठवली.

मी विचारलं, "मग तुमची गोळी तीच का?"

हे विचारात पडले. नेहमी असेच पडायचे, कोणी कॉम्बिफ्लामच्या ऐवजी दुसरं काय चालेल विचारलं तरी. "नाही," म्हणाले. "मी बधिर नाही झालो, म्हणून ही नार्के नाही. अन् दुःख तर आहेच. तुले सोडून जायचं आहे, ते कुठं गेलं? म्हणून नेपेन्थीही नाही. हे फक्त दुखणं काढून घेते. मग बाकीचं नीट पाहता येते."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरचा फोन आला नव्हता. तीन गोळ्या मीच केल्या होत्या. त्यांना ते कधीच कळलेलं होतं. क्लिनिकच्या टेबलावर मांडलेल्या स्ट्रिप त्यांनीही पाहिल्या होत्या. "मीच तर शिकवलं तुले," हे म्हणाले. "तीस वर्ष. चांगली शिकली." आणि हसले. माझी थट्टा करायची त्यांची ती जुनीच रीत होती, पण मला हसता आलं नाही. माफ केलं असं ते बोलले नाहीत आणि मीही माफी मागितली नाही. मी अलार्म बंद करून दोनची गोळी दिली.

हे गेले ते दुपारीच. दोनचा अलार्म वाजला तेव्हा मी त्यांचा हात धरून बसले होते. दुखत नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगू शकते. डॉक्टरीणबाई घरी येऊन पाहून गेली होती. तिचे उपकार मी फेडू शकत नाही.

पण ते पंधरा दिवस आहेतच. तेही मी खात्रीने सांगू शकते. लोक म्हणतात, तुम्ही किती केलं त्यांचं. नेपेन्थी कोणी दिलं तर मी घेणार नाही. ते पंधरा दिवस मी विसरले, तर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या माणसाजवळ कोणीच उरणार नाही.

उरलेल्या गोळ्या क्लिनिकला परत कराव्या लागतात. तेराव्यानंतर मी त्या द्यायला गेले. बाकावर शेजारी गुढियारी वस्तीतली एक बाई बसली होती. पलीकडे स्ट्रेचरवर तिचा नवरा होता, मालधक्क्यावर हमाली करणारा, जबडा बांधलेला. तिच्या मुठीत नवी कोरी स्ट्रिप होती. माझ्या हातातली तशीच स्ट्रिप पाहून ती जवळ सरकली.

"दीदी, ये नशे वाली है न?"

"हव," मी म्हटलं. "लिखा तो वही है."

"आदत पड़ गई तो? मैंने सोचा, आज रहने देती हूँ."

मी तिला घड्याळ दाखवलं. दोन वाजायला पाच मिनिटं होती. "मैंने भी सोचा था," मी म्हटलं, आणि तिच्या नवऱ्यासाठी पाणी आणायला उठले.